मोरीतली जात्याची तळी

घनसावंगीत कुणाचीही नक्कल मला जमते. पटवाऱ्याचं खाकरणं, गिरणीच्या इंजिनाचं फुकफुकणंसुद्धा. पण लोक पुनःपुन्हा मागतात ती माझ्या चुलतआजीची, साळूआजीची.

ती पहाटे जातं ओढताना गायची. घरातल्या एकेकाचं नाव ओवीत गुंफायची; रुसलेल्या सुनेचं आधी. लढाईच्या दिवसांत गावात पिठाची गिरणी आली, तेव्हा तिचा मुलगा रखमाजीकाका म्हणाला, "माय, आता दळण बंद. बिलकुल हात लावायचा न्हाई." त्यानं जातं उचकटलं आणि वरची तळी, खुंट्याचा गोल दगड, मोरीत न्हाताना उभं राहायला बसवली. आईचे खांदे वाचवले म्हणून गावभर सांगत फिरला.

दळण थांबलं, तसं आजीचं गाणंही थांबलं. आग्रह केला की म्हणायची, "खुंटा हातात नसला तर सूर कशाला धरू रे?" आम्ही हसायचो.

नात नंदाच्या लग्नात हळद दळायची होती. आमची तळी पायाखालची झालेली, म्हणून शेजारच्या तुळजाबाईंचं जातं आणलं. आजी हौसेनं बसली. थोडं ओढलं, तोंड उघडलं आणि थांबली.

"ह्याला आपली माणसं कुठं ठावी हायेत," म्हणत उठली. पुढच्या पोळ्याआधी ती गेली.

आता मी तिचा आवाज काढला की रखमाजीकाकाही हसतो. "बराबर मायच. मंग नंदाची ओवी म्हण की."

ती मला येत नाही. ती कुणी ऐकलीच नाही.

काका उठून अंघोळीला जातो. तळी सोडून, बाजूच्या चिखलात उभा राहतो.