साधं की तेलाचं

मिलीमीटर मेस्त्री दुकानाची पायरी चढताना दिसले की मी आधी चहा सांगून ठेवायचे. हा माणूस एक बिजागरी घ्यायला आला तरी खोक्यातल्या सगळ्या बिजागऱ्या उघडून-मिटून बघणार, मग पहिलीच घेणार, हे ठरलेलं. कपाटाच्या दाराला केसाएवढी फट राहिली आणि गिऱ्हाईक म्हणालं, ‘राहू द्या हो, कोण बघतंय,’ की यांना रात्रभर झोप नाही. सकाळी पुन्हा हत्यारांची पिशवी घेऊन त्याच्या दारात हजर. म्हणून मिलीमीटर. नाव कुणी ठेवलं ते आठवत नाही. मीच ठेवलं असेल, माझ्या तोंडाला काही कमी धार नाही.

नवऱ्यामागे हत्यारांचं हे दुकान मी चालवते. अजूनही लोक येतात आणि माझ्या खांद्यावरून आत बघत विचारतात, “शेठ नाहीत का?” मी म्हणते, “आहेत ना, तुमच्यासमोर उभ्या आहेत.” मेस्त्रींनी हा प्रश्न कधी विचारला नाही. बाईमाणसाला मशीनमधलं काय कळतं, हे त्यांच्या डोक्यातच यायचं नाही, कारण त्यांच्या घरी निम्मं काम बायको करायची.

ते मी पहिल्यांदा पाहिलं तो प्रसंग मला नीट आठवतो. त्यांच्या घराची पुढची खोली म्हणजेच कारखाना. शटर वर केलेलं, मध्यभागी एक उंच कपाट उभं, आणि मेस्त्री एकटेच फळीला बॅटरीवरच्या मशीनने स्क्रू मारताहेत. इम्पॅक्ट ड्रायव्हर म्हणतात त्याला. आत एक हातोडी असते, ती स्क्रूला फिरवता फिरवता ठोके देते, आणि आवाज असा की बोलणाऱ्याने बोलणं सोडून द्यावं. मेस्त्री थांबले. कपाटाच्या आतून टकटक झाली. त्यांनी पुढचा स्क्रू घेतला.

“मेस्त्री, कपाटात उंदीर आहे,” मी म्हटलं.

उंदीर हसायला लागला. मागच्या बाजूने वहिनी रांगत बाहेर आल्या, केसांत भुसा, पदर कमरेला खोचलेला. “या ताई. आतून फळी दाबून धरते मी. यांच्या त्या खडखडाटात माझं कुठलं ऐकू जायला? म्हणून ठोकते. दोनदा ठोकलं की फळी बसली, पुढे चला. एकदा ठोकलं की फट आहे अजून.”

“आणि तीनदा?”

“तीनदा म्हणजे मला बाहेर काढा, पाय अवघडले!”

मेस्त्री म्हणाले, “दोनदा ठोकायच्या आधीच मला कळतं. स्क्रू बसत आला की आवाज जाड होतो.” वहिनी म्हणाल्या, “कळतं म्हणे! मी नसते तर तुमची कपाटं पिसाच्या कलत्या मनोऱ्यासारखी उभी राहिली असती.” त्या दोघांचं असंच चालायचं. मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू. माझ्या नवऱ्याने आणि मी एकत्र केलेलं काम म्हणजे भांडण.

मग एका सकाळी वहिनी अंघोळीला गेल्या आणि तिथेच कोसळल्या. डावी बाजू गेली. वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा उजवा हात तेवढा त्यांच्या म्हणण्यात होता, तोही अर्धामुर्धा. त्यांची खाट मागच्या खोलीत, कारखान्याच्या भिंतीला लागून टाकली, कारण दुसरी जागाच नव्हती. मुलगी परगावी नोकरीला होती, ती बिनपगारी रजा काढून आली. लहानपणापासून मामाकडे शिकायला राहिलेली पोर. बापाच्या कामाशी तिचा संबंध यायचा तो सुट्टीपुरता. पण आईचं सगळं तिने मायेने केलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्यानंतर मेस्त्री दुकानात आले ते थेट मशीनच्या फळीपाशी जाऊन उभे राहिले. चहाला नको म्हणाले.

“ताई, कमी आवाजाचं असतं ना एक?”

“असतं. तेलाचं.”

मी दोन्ही काढून काउंटरवर ठेवली. मशीन करून बघायला एक लाकडाचा ठोकळा मी तिथे कायमचा ठेवलेला आहे. आधी साधं मशीन लावलं. खडड्‌ असा आवाज झाला, रस्त्यावरून जाणाऱ्या बाईने वळून पाहिलं. मग तेलाचं लावलं. त्यात हातोडीचा ठोका तेलातून जातो, म्हणून लोखंडावर लोखंड आपटत नाही. आवाज होतो, पण घशातल्या घशात गुरगुरल्यासारखा. मेस्त्रींनी ते पुन्हा चालवलं. मग मला काउंटरशी उभं करून स्वतः मागच्या गोदामात गेले, दार लावून घेतलं आणि आतून ओरडले, “चालवा!” मी चालवलं. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता.

“भिंतीपलीकडे जात नाही,” ते म्हणाले.

“मेस्त्री, मी विकायला बसले आहे, तरी खरं ते सांगते. छोट्या स्क्रूला हे लोण्यासारखं चालेल. लांब स्क्रूला दमतं. सलग दाबलंत तर तापतं. तुमच्या कामाला साधंच बरं.”

“कामाचं बघत नाहीये मी.” मग खाली बघत म्हणाले, “मी मशीन चालवलं की ती भिंतीवर हात आपटते. मला इकडे ऐकू येत नाही, माझे कान या खडखडाटात अर्धे गेलेच आहेत. मुलगी सांगते. म्हणते, बाबा, आईला सहन होत नाही, तुम्ही थांबलात की ती भिंत बडवते. इतकी वर्षं माझ्या बरोबरीने राबली, ताई. आता निदान पडल्या जागी शांत पडू दे.”

एक बिजागरी घ्यायला अर्धा दिवस लावणाऱ्या माणसाने ते मशीन खोकं उघडून न बघता नेलं.

पुढे भेटले तेव्हा खुशीत होते. “आता भिंत अजिबात वाजवत नाही,” म्हणाले. काम हळू होत होतं, लांब स्क्रू दोनदा दम खाऊन मारावे लागत होते, पण त्यांची तक्रार नव्हती. त्याच्या पुढच्या खेपेला खुशी उतरली होती. वहिनी जेवत नव्हत्या. भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या, मुलीने वळवलं तर डोळे मिटून घ्यायच्या. डॉक्टर म्हणाले, या आजारात मन खचतं, चालायचंच. घरात सगळे पाय न वाजवता चालायला लागले. कुकरची शिट्टीसुद्धा नको म्हणून मुलगी पातेल्यात भात करायची.

याच सुमारास मी दुकानासाठी नवीन रॅक त्यांना सांगितला. लोखंडी सामान ठेवायचा रॅक, फळ्या जाडजूड, स्क्रू बोटाएवढे लांब. एका दुपारी बघायला गेले तर मेस्त्री घामाघूम, तेलाचं मशीन हाताला चटका बसेल इतकं तापलेलं आणि स्क्रू निम्म्यात रुतून बसलेला. माझा स्वभाव मुळात तापट.

“अहो, मी तेव्हाच सांगितलं होतं! काढा ते जुनं.”

“नको ताई. तिला त्रास होतो.”

“माझ्या डोक्यावर ही फळी पडली म्हणजे मला त्रास होणार नाही का? या उभ्या फळीचे स्क्रू तेवढे मारा साध्याने. मी बसते वहिनींजवळ, कान झाकून धरते त्यांचे. मग तर झालं?”

मुलगी औषधं आणायला गेली होती. मेस्त्रींनी नाइलाजाने माळ्यावरून जुनं मशीन काढलं. मी आत गेले. वहिनी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. इतक्या वाळल्या होत्या की चादरीखाली कुणी आहे असं वाटू नये. मी खाटेवर बसले आणि कानांवर हात ठेवायला वाकले.

पलीकडे खडखडाट झाला. वहिनींनी डोळे उघडले.

मी हात पुढे केला तर त्यांनी मान हलवून तो झटकला. मला वाटलं, चिडल्या. आवाज चालू होता, शेवटी जाड झाला आणि थांबला. वहिनींचा उजवा हात चादरीतून बाहेर आला, थरथरत भिंतीपर्यंत गेला, आणि वाकड्या बोटांच्या पेरांनी त्यांनी भिंतीवर ठोकलं. दोनदा.

मी पुढे केलेला हात मागे घेतला. पलीकडे बराच वेळ काहीच आवाज नाही. त्या जुन्या मशीनची बॅटरी बदलायला मेस्त्री भिंतीशी वाकले होते, म्हणून त्या दिवशी त्यांना ऐकू आलं, हे मला नंतर कळलं. मग पुढचा स्क्रू. पुन्हा दोनदा टकटक. वहिनींची नजर भिंतीवर अशी लागली होती की जणू त्या भिंतीतून फळी दिसते आहे.

तिसरा स्क्रू मेस्त्रींनी मारला आणि आवाज जाड व्हायच्या आत मध्येच सोडून दिला. मुद्दाम. एवढं मलाही कळलं.

वहिनींनी एकदाच ठोकलं. फट आहे अजून.

मेस्त्री दारात आले तेव्हा मशीन तसंच हातात होतं. “अगं,” ते म्हणाले, “तू फळी बघत होतीस? रोज?” वहिनींचा अर्धा ओठ हलला. “आणि मी वर तुझा आवाज बंद करून बसलो. मला वाटलं, तुला सहन होत नाही गं. मला वाटलं, थांबवायला सांगतेस.” खाटेशी खाली बसून तो माणूस ढसाढसा रडला. वहिनींनी हात उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवायचा प्रयत्न केला, तो कानावर पडला. मी उठून पुढच्या खोलीत गेले आणि त्या अर्धवट स्क्रूसमोर उभी राहून रडले. माझा नवरा गेला तेव्हा मी इतकी रडले नव्हते.

मुलगी परत आली, तिला कळलं, ती बिचारी सुन्न झाली. “मला कुणी सांगितलंच नाही हो मावशी,” एवढंच म्हणत राहिली. तिची काय चूक? ती टकटक त्यांनी तिला कधी शिकवलीच नव्हती. मला सांगितली होती, तरी माझ्या ध्यानात आलं नाही. आणि ज्याला कळलं असतं त्याला भिंतीपलीकडचं ऐकू येत नव्हतं.

त्या दिवसापासून घरात पुन्हा खडखडाट सुरू झाला. मेस्त्री प्रत्येक स्क्रूनंतर मशीन बंद करून भिंतीला कान लावायचे आणि उत्तर आलं की पुढे जायचे. वहिनी चमच्याने चार घास खायला लागल्या. माझा रॅक भलताच रेंगाळला, पण या वेळी मी चकार शब्द काढला नाही.

मग एकदा पलीकडून तीनदा टकटक झाली. मेस्त्रींनी मशीन खाली ठेवलं, आत गेले, बायकोला दोन्ही हातांवर उचलून बाहेर आणलं आणि मुलीला म्हणाले, “खाट पुढे घे.” मुलगी म्हणाली, “बाबा, भुसा उडतो, खोकला होईल तिला.” ते म्हणाले, “कापणं-घासणं मी बाहेर अंगणात करीन. ती म्हणते आहे, मला बाहेर काढा.” तेव्हापासून वहिनी कारखान्यातच असायच्या. मी गेले की खाटेच्या कडेवर ठोकायच्या आणि माझा रॅक दाखवायच्या. फळी हाताला लागेल अशी मेस्त्री ती त्यांच्याजवळ सरकवून द्यायचे.

पण दिवस फार हाती लागले नाहीत. आधीचं न खाणं अंगात मुरलं होतं. पावसाळा सरता सरता वहिनी गेल्या, दुपारच्या वेळी, कामाच्या मध्येच. मेस्त्रींनी स्क्रू मारला, थांबले, उत्तर आलं नाही. त्यांना वाटलं, फळी बसली नसेल. त्यांनी तो स्क्रू काढून पुन्हा मारला. मग वळून पाहिलं.

मुलगी काही दिवस राहिली आणि नोकरीवर परत गेली. “चला माझ्याकडे,” असं तिने खूप विनवलं, ते गेले नाहीत.

बऱ्याच दिवसांनी मेस्त्री दुकानात आले. मी चहा सांगितला. त्यांनी पिशवीतून जुनं, साधं मशीन काढून काउंटरवर ठेवलं.

“हे तुम्ही ठेवून घ्या, ताई. कुणालाही द्या.”

“अहो, आणि त्या तेलाच्या मशीनवर काम करणार तुम्ही?” मला खरंच कळेना. “मला वाटलं होतं, तेच तुम्ही मला परत आणून माझ्या तोंडावर माराल.”

“हे चालवलं की स्क्रू बसल्यावर मी थांबतो,” ते म्हणाले. “कुणी नाही, मला कळतं. तरी थांबतो. काही ऐकू येत नाही, मग वाटतं फट राहिली, मग काढून पुन्हा मारतो. एक कपाट संपता संपत नाहीये. फळीची भोकं मोठी झाली.” त्यांनी मशीन माझ्याकडे सरकवलं. “तेलाच्या मशीनला तिने कधीच ठोकलं नाही. त्याच्यावर काम होतं.”

मी मशीन उचलून काउंटरखाली ठेवलं. चहा आला, त्यांनी तो प्यायला. मग लहान स्क्रूची दोन पाकिटं मागितली आणि एकही स्क्रू न तपासता पिशवीत टाकून घेऊन गेले.