पंखाच्या टोकाचा टिपका

कन्हेरीच्या आबाजीला दोनच गोष्टींची हौस, इस्त्रीच्या टोपीची आणि निवाड्याची. कुणाच्या घरात सासू-सून फुगल्या, तरी हा न बोलावता जाऊन उंबऱ्याशी बसायचा. घरी बायको ह्याचा एक शब्द ऐकत नसे, म्हणून तर बाहेर एवढा जोर.

चौऱ्याण्णवच्या पावसाळ्यात त्याचे दोडके वेलावरच सडले. चिरावं तर आत पांढऱ्या अळ्यांची वळवळ. बांधापलीकडं सारजाची, म्हणजे वारलेल्या थोरल्या भावाच्या बायकोची, पेरूची झाडं होती. चतुर्थीला मोरगावच्या देवळाबाहेर ती पेरूची पाटी घेऊन बसायची, त्यावरच तिची चूल चालायची. खाली पडलेल्या पेरूतही तसल्याच अळ्या. झालं! आबाजीनं चार माणसांत सांगून टाकलं, "माशी वैनीच्या झाडांवरनं येती. झाडं काढायची."

"आधी तालुक्याला दाखवा तरी," सारजा म्हणाली. "तिथं तीच माशी म्हनले, तर काढते मी."

वेलावरच्या दोन माश्या काडेपेटीत कोंडून आबाजी बारामतीला गेला. बियाण्याच्या दुकानातल्या, शेतकी शिकलेल्या इंद्रजितनं भिंग लावलं.

"पेरूची कुठली, आबा? पंख बघा. टोकाला तपकिरी टिपका, आत आडवा डाग. ही वेलाची माशी. दोडकं, कारलं, काकडी हेच तिचं घर. पेरूतलीचा पंख काचेवानी कोरा असतो, कडेला नुसती रेघ."

"आन् अळ्या?"

"त्या सारख्याच दिसत्यात. घोटाळा तितंच व्हतो. सडके दोडके खोल पुरा, वेलाखाली टाकू नका."

परतीच्या एसटीत आबाजीनं काडेपेटी पुन्हा पुन्हा उघडून बघितली. टिपका काही पुसला गेला नव्हता.

बांधावर तीच चार माणसं जमलेली. झाडं तोडायला बोलावलेला भीमा कुऱ्हाड घेऊन बसलेला. सारजा पुढं आली.

"काय म्हनले, भावजी?"

निवाडा फिरवायचा म्हणजे चारचौघांत टोपी उतरवायची. आबाजी भीमाकडं बघत म्हणाला, "तीच हाय म्हनले."

सारजा बोलल्याप्रमाणं बाजूला झाली आणि भीमानं सांजेपर्यंत झाडं आडवी केली. झाडांवर कच्चे पेरू होते, ते शेळ्यांनी खाल्ले.

पुढच्या पावसाळ्यात दोडके पुन्हा सडले. सारजा शेळ्यांसाठी ते वेचायला आली. आबाजीच्या बाहीवर माशी बसली, त्यानं चापट मारली.

"झाडं गेली, पन माशी हायच की, भावजी."

आता गप्प बसावं की नाही? पण निवाड्याची खोड. "ही ती न्हवं, वैनी," तो बोलून गेला. "ही वेलाची. पंखाच्या टोकाला टिपका हाय, बघा."

सारजानं वाकून टिपका बघितला, नीट बघितला.

"व्हय की. हे कवा कळलं तुमाला?"

आबाजीनं टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. पाटी भरून झाली तरी सारजा उत्तरासाठी थांबली. आणखी थांबलीही असती. पण माळेगावच्या उसात खुरपायला जायचं होतं. आता चूल त्यावर होती.