टेलिफोनवाली दोन्या रोसालबिना

आमच्या तिबाकिरा गावात टेलिफोन एकच होता आणि तो रोसालबिनाबाईंच्या, आमच्याकडच्या भाषेत दोन्या रोसालबिनाच्या, ताब्यात होता. चर्चच्या बाजूची एक खोली, तिच्यात बोलायला दोन लाकडी खोपी, आणि खिडकीमागे कानाला यंत्र लावून बसलेली ही बाई. फोन लावायला गेलं की आधी विचारायची, "काम आहे का नुसत्याच गप्पा?" मी दुधाचा ट्रक चालवायचो. आमचं दोघांचं कधी पटलं नाही, आणि तिच्यासारखं माणूस मला पुन्हा भेटलं नाही. आता पोरासोरांच्या खिशात फोन आलेत. त्या खोलीत कोंबडीचं खाद्य विकतात. तिथून जाताना मला अजून गलबलून येतं, आणि बायको म्हणते, "बेलिसारियो, म्हातारा झालास."

तिचा नवरा पाचूच्या खाणीत कामाला गेला होता. बोगदा कोसळला तेव्हा निरोप आला तो तिच्याच खिडकीत. दुसऱ्या कुणासाठी असेल म्हणून तिने घेतला आणि नाव ऐकलं ते आपल्याच माणसाचं. आत अडकलेली माणसं हवेवाचून गेली, एवढंच खाणवाल्यांनी सांगितलं. त्यावर ती कधी बोलली नाही. गावातला कुणी तरणा खाणीच्या बसमध्ये चढला की मात्र त्या दिवशी खिडकी बंद असायची. कुणी तक्रार करत नसे.

अर्सेनियो बटाटेवाल्यांचा. लोखंडी सायकलवर पोतं बांधून घाट चढायचा आणि चढणीला माझ्या ट्रकला मागे टाकून जायचा, वर हसायचा. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्याचा मामा खाणीत होता. मामाचा फोन आला की दोन्याच जोडून द्यायची, त्यामुळे तिला सगळं ठाऊक होतं. एकदा अर्सेनियोनेच तिला सांगितलं, "प्रांताच्या सायकल संघात नाव लागलं तर राहीन, दोन्या. नाहीतर मामाकडे जातो. बटाट्यांवर घर चालत नाही."

जूनच्या जत्रेच्या शर्यतीला संघाचा प्रशिक्षक येणार होता. आता आमच्याकडची रीत अशी, की कुणाच्या घरात पाऊल टाकलं की खाल्ल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. ताटात उरवलं तर घरधनीण वर्षभर तोंड फिरवते. शर्यतीच्या सकाळी अर्सेनियो बिचारा आशीर्वाद मागायला दारोदार गेला. एका घरी दूध-अंड्याचं सार, दुसऱ्या घरी बटाट्याचं, तिसरीकडे अरेपा, म्हणजे मक्याच्या जाड भाकऱ्या, आणि चीज, चौथीकडे पेलाभर गरम चॉकलेट. नाही म्हणायची त्याची काय टाप! पहिल्याच चढणीवर त्याने सायकल टाकली आणि रस्त्याच्या कडेला सगळं बाहेर काढलं. प्रशिक्षकाने मान हलवली आणि गाडी पुढे नेली. इकडे बायकांचं भांडण जुंपलं. "माझं सार हलकं होतं, तुझ्या अरेपांनी घात केला!"

प्रशिक्षक भला माणूस असावा. ऑगस्टमध्ये आणखी एक शर्यत आहे, तिथे बघू, असं तो म्हणाला. मामाचाही निरोप आला, खाणीतली जागा ऑगस्टपर्यंतच धरून ठेवतो म्हणून.

दुसऱ्या दिवशी दोन्याने आम्हाला खोलीत बोलावलं. बोलावलं कसलं, हजर केलं.

"प्रेमानं मारलंत त्याला," ती म्हणाली. "आता प्रत्येकानं एकच काम करायचं. प्लुतार्को लोहार सायकल बघेल. बेलिसारियो, तुम्ही पहाटे दूध गोळा करायला जाता, तो तुमच्या ट्रकमागून येईल. घाटात वेग कमी करायचा नाही."

"आणि माझे दुधाचे कॅन?" मी म्हटलं. "लोणी होईल त्यांचं!"

"होऊ दे. ब्रेडला लावा."

गावात सगळ्यात सढळ हात एतेलविनाचा. तिला दोन्याने अर्सेनियोच्या दारात बसवलं, ताट घेऊन येणाऱ्याला परत पाठवायला.

"मी? मी लोकांचं ताट परत पाठवू? त्यापेक्षा मला गोळी घाला!"

"तुझंच ताट सगळ्यात मोठं असतं. तू अडवलंस तर कोण बोलणार?"

एतेलविना रडत रडत बसली, पण बसली.

राहिला रस्ता. शर्यत डोंगरापलीकडच्या गावांतून जायची. श्रीमंत संघांच्या मागे मोटारी, त्यांत पाणी, केळी, जादा चाकं. आमच्या पोरामागे कुणी नाही. दोन्याने वाटेतल्या प्रत्येक गावच्या टेलिफोनवालीला फोन लावला: आमचा पोरगा आला की पाणी-केळं द्या, आणि पुढे गेला की कळवा. त्या बायकांनी एकमेकींची तोंडं कधी पाहिली नव्हती, आवाज मात्र रोज ऐकत होत्या. सगळ्या हो म्हणाल्या. अडली ती शेवटच्या घाटाखालच्या सोराकालची कुस्तोदिया.

"आमच्याच गावचा पोरगा आहे शर्यतीत," ती ओरडली. मला खिडकीपाशी उभं राहून ऐकू येत होतं. "मी तुमच्याला पाणी दिलं तर लोक माझी खोली पेटवतील."

दोन्या खुर्चीत पुढे वाकली. मग म्हणाली, "हा हरला तर खाणीत जाईल, कुस्तोदिया. माझा गेला तसा."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. दोन्याने कानावरचं यंत्र काढलं आणि मला म्हणाली, "उभे काय राहिलात? दूध नासेल."

शर्यतीच्या दिवशी सगळं गाव त्या खोलीभोवती. घंटी वाजली की श्वास रोखायचा. "गेला! केळं घेतलं!" "गेला! आभारसुद्धा मानले नाहीत कार्ट्यानं!" मग सोराकालची पाळी आली आणि फोन गप्प झाला. एतेलविना जपमाळ ओढायला लागली. दोन्या त्या यंत्राकडे नुसती बघत होती.

घंटी वाजली. कुस्तोदियाच होती. "रोसालबिना! तुझ्या पोराचं चाक फुटलं, अगदी माझ्या दारात!"

"मग?"

"मग काय! आमचा दमून आधीच उतरून बसला होता. त्याच्या सायकलीचं चाक काढून बसवून दिलं. त्याची आई माझ्या नावानं खडे फोडतेय, ऐक!" आणि खरंच, मागून एका बाईच्या शिव्या आम्हा सगळ्यांना ऐकू आल्या. एवढ्या गोड शिव्या मी जन्मात ऐकल्या नाहीत.

अर्सेनियो चौथा आला. संघात त्याचं नाव लागलं. दोन्याने मामाला फोन लावला आणि स्वतःच सांगितलं, वाट बघू नका.

पुढे तो मोठ्या संघात गेला. एका वर्षी त्याने मोठ्या शर्यतीतला डोंगरातला टप्पा जिंकला, तेव्हा आम्ही सगळे दोन्याच्या खोलीत रेडिओला कान लावून होतो. शर्यत संपल्या संपल्या निवेदकाने त्याला बोलतं केलं. त्याने देवीचे आभार मानले, आईचे मानले, प्रशिक्षकाचे मानले, सायकली देणाऱ्या कंपनीचेही मानले. नावं तिथेच संपली.

"आणि आम्ही?" एतेलविना उसळली. "मी दारात बसून गावाशी वैर घेतलं, ते विसरला? दोन्याचं नाव घ्यायला जीभ झडली असती का त्याची?"

मीही चिडलो होतो. आम्ही दोन्याकडे बघितलं. तिचा कान अजून रेडिओला चिकटलेला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"गप्प बसा गं," ती म्हणाली. "नाव कसलं घेऊन बसलात? धापा ऐका त्याच्या. केवढी हवा घेतोय पोरगा!"