गोधडीतली रायफल

हिंगणीच्या म्हाताऱ्यानं मला फसवलं. एकदा नव्हे, सात वर्षं फसवलं. मोडीच्या धंद्यात मी घागरीवर नख वाजवून तिच्यात पितळ किती ते सांगतो, तरी फसलो. तुम्हीही बाजारात चार माणसं पाहिलेली आहेत. ऐका आणि तुम्हीच ठरवा.

म्हातारा पूर्वी जंगलात शिकारी साहेबांना वाट दाखवायचा. त्यातल्या एकानं देश सोडताना आपली रायफल त्याला दिली, परवानाही करून दिला. म्हाताऱ्यानं ती एकदाही चालवली नाही. "जनावर दाखवनं माह्यं काम, मारनं साहेबाचं," असं म्हणायचा. बायको वारली होती. मुलगा नागपूरला गिरणीत लागला आणि तिकडचाच झाला. घरात उरले दोघं, म्हातारा आणि गोधडीत गुंडाळलेली रायफल.

माझ्याकडे गिऱ्हाईक म्हणून आर्वीचा एक परवानेवाला शेतकरी होता, रानडुकरांनी पिडलेला. त्याच्यासाठी मी सायकलवरून हिंगणीला गेलो. रायफल हातात घेतली, नळीतून उजेड पाहिला. माल चोख होता. दर सांगितला. म्हाताऱ्यानं चुन्याची डबी उघडली.

"घाई काऊन करून राह्यला, शेठ? बस. चहा घे."

हे वाक्य मी सात वर्षं ऐकलं. हिंगणीचा आठवडी बाजार आटोपला की मी त्याच्या ओट्यावर. तो ती वळकटी मांडीवर घ्यायचा, थोपटायचा, आणि सौदा सुरू. कधी मुलाला विचारायचं असे, कधी पितृपक्ष निघे. जिल्हा मुंबई राज्यात गेला तेव्हा म्हणाला, नव्या सरकारचा कायदा समजू दे. नवे पैसे आले तेव्हा म्हणाला, आधी ते ओळखायला शिकतो. मी भडकायचो, कपबशी आपटायचो, पुन्हा तोंड दाखवणार नाही म्हणून सायकलवर टांग मारायचो. पुढच्या बाजारी तो दोन कप धुऊन बसलेला असे.

दरम्यान आर्वीवाल्यानं दुसरी बंदूक घेतली. त्याच्यानंतरचं गिऱ्हाईकही कंटाळलं. तरी मी जायचो. का, ते विचारू नका. वर्ध्यात माझ्या घराला कुलूप लावणारा मी आणि उघडणाराही मीच.

एकदा मी त्याला सरळ म्हटलं, बाबा, विकायची की ठेवायची ते आज सांगून टाका. त्यानं वळकटीवरचा हात काढला नाही.

"हे गेली, त मंग तू इथं काऊन येशीन?"

मी हसलो. भाव चढवायची नवी युक्ती, असं मला वाटलं. मी दर वाढवला.

मग मधले दोन बाजार माझे चुकले. त्यानंतर गेलो तर ओट्यावर कप नव्हते, दाराला कडी होती. पाटील म्हणाला, म्हातारा जाऊन पंधरा दिवस झाले. मुलगा आला, सारं आटोपून गेला. खोटं कशाला सांगू, मी आधी रायफलीचं विचारलं. पाटलानं कडी काढली. त्यानं दार उघडलं, कोपऱ्यातली वळकटी उचलून आणली आणि माझ्यासमोर सोडली.

आत मुसळ निघालं.

पाटलानं सांगितलं, रायफल चार वर्षांपूर्वीच पोलीस ठाण्यात जमा झाली होती. म्हाताऱ्याची नजर अधू झाली म्हणून परवाना वाढवून मिळाला नव्हता. म्हणजे चार वर्षं मी मुसळाचा भाव करत होतो. आणि मी असा माणूस, की दुसऱ्याच्या तराजूवर कधी विश्वास ठेवला नाही. पहिल्या दिवशी माल पाहिला तो पाहिला. पुन्हा गाठ सोडा म्हणून म्हटलंच नाही.

मी पाटलावर ओरडलो. गावात हे कोणाकोणाला ठाऊक होतं? सगळ्यांना होतं. कोतवालाला, चहावाल्याला, शेजारच्या म्हातारीला, तिच्याच घरचं ते मुसळ होतं. मग एकानं तरी तोंड उघडायला काय झालं होतं?

पाटील गोधडीची घडी घालत होता.

"सांगतलं असतं त तुमी आले असते काय, शेठ?"

माझ्या प्रश्नाचं हे उत्तर नव्हे. म्हातारा सुटला, त्याला आता जाब विचारता येत नाही. पण अख्खं गाव त्याच्या बाजूनं या सौद्यात बसलं होतं. तेव्हा बाजार आटोपल्यावर मी आता कोणाच्या ओट्यावर जाऊन बसायचं, हे हिंगणीच्या कोणीतरी पुढं येऊन मला सांगावं.