उलटं बसलेलं पान

रुखवताचं टेबल दिसलं की मी आजही तोंड फिरवते. लोकरीची तोरणं, मण्यांचे पोपट आणि पुढे चिठ्ठी, ‘वधूच्या हातची कला’. कला कसली डोंबलाची! निम्मं मावशीने केलेलं असतं, निम्मं शेजारणीने. सगळ्यांना ठाऊक असतं, बोलत कुणी नाही. मीही बोलले नाही, आणि तेच नडलं.

बाबा मानपाड्याला फर्निचरच्या कारखान्यात सुतार होते. डोंबिवलीत आमच्या चाळीमागे त्यांनी पत्र्याची एक शेड उभी केलेली. रविवारी मी तिथेच लाकूड कोरत पडीक असायचे. “पोरीच्या हातात पटाशी कशाला देताय?” म्हणून आई करवादायची. ऐंशी साल उलटून बरीच वर्षं झाली होती तेव्हा. माझं लग्न ठरलं, मुलगा कल्याणचा, सुपारीही फुटली. बाबा म्हणाले, “रुखवतात विकतचं काही नको. तू पेटी कर.”

मग मी शिसवीची पेटी करायला घेतली. झाकणावर आंब्याच्या पानांचं तोरण, आणि पानं फणसाच्या लाकडाची. आजोळचा पाट तडकला होता, त्यातून ती पिवळीधमक पानं निघाली. काळ्या शिसवीत पानाच्या आकाराची खाच कोरायची, सरस गरम करून लावायचा आणि पान दाबून बसवायचं. नखाएवढी फट राहिली तरी बाबा पान उचकटून टाकत. “पुन्हा कर.” मी रडकुंडीला यायचे, पुन्हा करायचे. सरसाच्या वासाने आई वैतागून उदबत्त्या लावायची. पण काय सांगू, तेवढी सुखात मी पुढे कधीच नव्हते.

शेवटचं पान हातात होतं, सरस लावलेलं. तेवढ्यात लग्न जुळवणारे काका शेडच्या दारात आले. आत न येताच म्हणाले, “त्या लोकांनी नको म्हणून कळवलंय.” का, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. पुढे कानावर आलं, त्यांना ठाण्यातलं चांगलं स्थळ मिळालं होतं. बाबा काहीतरी विचारत होते, काका उत्तरं देत होते. मी पान खाचेत ठेवलं आणि अंगठ्याने दाबून धरलं. किती वेळ, कुणास ठाऊक.

सकाळी बाबांनी पाहिलं, पान उलटं बसलं होतं. दोन्ही टोकं सारखी, म्हणून खाचेत बसलं खरं, पण आधीच कोरून ठेवलेल्या शिरा भलत्या दिशेला गेलेल्या. त्यांनी पटाशी उचलली, माझ्याकडे बघितलं आणि खाली ठेवली. “राहू दे,” म्हणाले. पॉलिश त्यांनीच केलं. पेटी माळ्यावर गेली.

दोन-तीन वर्षांनी धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. माझं काही जमलं नव्हतंच, पुढेही जमलं नाही. आईने पेटी खाली काढली. “नुसती पडून काय करायचीय?” बहीण बिचारी म्हणाली, “ताई, चिठ्ठीवर तुझं नाव लिहू या ना.” आई उसळली, “रुखवतात कुणी बहिणीचं नाव लावतं का गं? लोक हसतील!” मी म्हटलं, “अगं, लाव तुझंच.” अक्षर माझं बरं, म्हणून चिठ्ठीही मीच लिहिली. त्यानंतर मी पटाशीला हात लावला नाही. बाबांनी एकदा विचारलं, मग विषय सोडून दिला.

बहिणीचं सासर ठाण्याला, कोलशेतकडे. एका चैत्रात ती मला हळदीकुंकवाच्या मदतीला घेऊन गेली. मी पन्हं भरलेले पेले घेऊन बाहेर आले तर तिच्या सासूबाई बायकांना पेटी दाखवत होत्या. “सुनेच्या हातची बरं का!” खोटं कशाला बोलू, मला अभिमानच वाटला. पेटी हातोहात फिरली. एक बाई म्हणाल्या, “हे एक पान उलटं कसं हो?”

बहीण पटकन हसली. “लग्नाची घाई! लक्ष थाऱ्यावर होतं कुठे?”

काय हसल्या सगळ्या! मीही हसले. सासूबाई माझ्याकडे वळल्या, “तुला नाही का गं येत असलं काही?”

“मला? छे हो.”

स्वयंपाकघरात आले आणि नळ सोडून रिकामे पेले विसळत उभी राहिले. ओरडून सांगावंसं वाटत होतं, माझी आहे ती, माझी! मागून बहीण आली. पदराशी चाळा करत हळूच म्हणाली, “रागावलीस का, ताई? काय बोलावं ते सुचेचना गं. खरं सांग, ते पान उलटं कसं बसलं? मी कधी विचारलंच नाही तुला.”

मी नळ बंद केला.

“बरोबर सांगितलंस की,” मी म्हटलं. “लग्नाचीच घाई होती.”