ओल्या दगडाचा ऑल क्लियर

पोस्टिंगची ऑर्डर आली तेव्हा मी आणि वसंत परब दोघेही रजेवर, मुंबईत डिलाईल रोडला होतो. चाळ एक, मजला एक. मी नायक, तो लान्स नायक. मध्य प्रदेशातल्या वालुकाश्माच्या कड्यांवर सहा आठवड्यांचा रॉक क्लाइम्बिंग कॅम्प होता आणि आम्ही दोघे तिथे इन्स्ट्रक्टर.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तेव्हा भरात होती. वसंतचे वडील, परबकाका, गिरणीत विणकर. सत्याग्रहात पंधरा दिवस तुरुंगात काढून नुकतेच सुटले होते. फौजेतल्या माणसाला राजकीय सभेला जायची मनाई. निघायच्या आदल्या संध्याकाळी नाक्यावर सभा झाली, ती आम्ही गॅलरीत उभं राहून लाउडस्पीकरवरून ऐकली. काका खाली पहिल्या रांगेत बसले होते. वसंत म्हणाला, सभाच आपल्याकडे आली, आपण कुठे गेलो? नियम मोडलेला नाही.

कॅम्पमध्ये तीस जवान होते. तंबू नदीकाठी, कडा समोर, उंची दोनशे फूट. पाचला उठणं, साडेपाचला पीटी, सातला नाश्ता, आठ ते बारा चढाई. दुपारी दोर तपासायचे, गाठी घालायच्या. आम्ही दोघे परळच्या व्यायामशाळेत दोरीचा मल्लखांब केलेले, त्यामुळे उंचीची भीती नव्हती. वसंत तर कड्यावर जिना चढावा तसा चढे. जवानांना सांगे, दगडावर जोर करू नका, पायावर उभे राहा, हात फक्त तोलाला.

कोकणातल्या माणसाला कातळ माहीत असतो, काळा आणि टणक. हा दगड वेगळा. तांबूस, खरखरीत, बुटाला घट्ट धरणारा. कोरडा असेल तर त्याच्याइतका भरवशाचा दगड नाही. पण तो पाणी पितो. ओला झाला की आतून कच्चा होतो आणि खोबणीची कड तुटून हातात येते.

अकराव्या दिवशी पहाटे पाऊस पडून गेला. मी आठ वाजता कॅम्प कमांडर कॅप्टन साहेबांना रिपोर्ट दिला की आज चढाई नको. त्यांनी ती दोन वाजेपर्यंत पुढे ढकलली आणि तेव्हा पुन्हा बघायला सांगितलं. दुपारी कडक ऊन पडलं. पावणेदोनला मी दगड तपासला. तळहात फिरवला, हातोडीने ठोकला. वरून कोरडा होता. मी ऑल क्लियर दिला, चढाईला हरकत नाही.

हे वाक्य मी कधी बदललेलं नाही. ऑल क्लियर मी दिला.

दोन वाजून वीस मिनिटांनी तिसऱ्या नंबरवर चढणाऱ्या शिपाई जाधवच्या हातातली खोबणीची कड निखळली. तो झोका खाऊन कड्यावर आदळला आणि माथ्यापासून नव्वद फुटांवरच्या एका अरुंद कंगोऱ्यावर अडकला. पाय मोडलेला. त्याचा दोर भेगेत रुतून बसला होता, वरून ओढला तर कापला जायची भीती. कुणीतरी खाली उतरून त्याला दुसऱ्या दोरात बांधणं, एवढाच मार्ग उरला.

मी आणि वसंत माथ्यावर होतो. सीनियर मी. मी कमरेला दोर बांधायला घेतला.

"गावकर, तू वजनाने जास्त," वसंत म्हणाला. "दोर तू धर. मी जातो."

त्याचं बरोबर होतं. मी सागाच्या बुंध्याला दोराचा एक वेढा दिला, दुसरा माझ्या कमरेला. जाधवसाठीचा दोर चार जवानांकडे दिला. दोन पस्तीसला वसंत कडेवरून उतरला. कंगोऱ्यावर पोचल्यावर त्याने जाधवच्या पायाला काठ्या बांधल्या, त्याला नव्या दोरात अडकवलं, जुना कापला. या सगळ्यात तो जाधवशी साताऱ्याच्या त्याच्या शेताबद्दल बोलत होता, असं जाधवने पुढे सांगितलं.

माझ्या शेजारच्या वायरलेस ऑपरेटरने खाली कळवलं, "बेस, टॉप. जाधव खाली येतोय. ओव्हर."

तीन दहाला उत्तर आलं, "टॉप, बेस. जाधव पोचला. ओव्हर."

मग वसंत वर निघाला. माझ्यापासून पंधरा फुटांवर आला. मला त्याची टोपी दिसत होती. त्याच्या डोक्यावरचा एक थर सुटला. मी ओरडलो. त्याने मान बाजूला घेतली, पण दगड मानेवर आणि खांद्यावर बसला. त्याचा सगळा भार दोरावर आला. माझ्या तळहातांची साल निघाली. दोर एक फूटसुद्धा सरकला नाही. चौघांनी मिळून त्याला वर घेतलं. शुद्ध होती.

"जाधव?" त्याने विचारलं.

"पोचला."

तीन चाळीसला तो गेला. डॉक्टर चार वाजता आले.

चौकशीत मी सगळं सांगितलं. कॅप्टन साहेब म्हणाले, चढाईचा हुकूम माझा होता, जबाबदारी माझी. निकाल अपघात असा लागला. त्यानंतर मी बरीच वर्षं क्लाइम्बिंग शिकवलं. पावसानंतर दोन दिवस त्या दगडाला हात लावायचा नाही, हा नियम मी घातला आणि मोठ्या हुद्द्याच्या साहेबांसमोरही वाकवला नाही. माझ्या हाताखाली पुन्हा कुणी गेलं नाही.

वसंतची ट्रंक घेऊन मीच डिलाईल रोडला गेलो. काकांना ऑल क्लियरचं सांगितलं. त्यांनी माझ्या हातांवरच्या पट्ट्यांकडे बघितलं.

"दोरी तुझ्या हातात होती मां?"

"होय, काका."

"मगे तो पडूक नाय."

"नाय, काका. पडूक नाय."

त्यांनी मान हलवली आणि आतून माझ्यासाठी पाणी आणायला सांगितलं.

महाराष्ट्र राज्य झालं त्या दिवशी मी रजेवर होतो. संध्याकाळी चाळीच्या पटांगणात सगळे जमले. आमच्या वस्तीतले दोघे चळवळीत गोळीबारात गेले होते. एका शाळामास्तरांनी त्यांची नावं वाचली आणि कागद घडी करायला घेतला. तेव्हा परबकाका उठून उभे राहिले.

"आणि लान्स नायक वसंत परब," ते म्हणाले.

मुलाचा हुद्दा त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. मास्तरांनी कागद पुन्हा उघडला, खिशातलं पेन काढून नाव लिहिलं आणि तिन्ही नावं पहिल्यापासून वाचली.