विशाखापट्टणले नेलेलं घरचं पाणी

विशाखापट्टण कसं आहे म्हणून गल्लीतल्या बाया मले अजून विचारतात. समुद्र आहे, डोंगर आहे, डोंगरावर जुना स्तूप आहे, सगळं पाह्यलं मी. पण डोळे मिटले का मले पह्यले पाच लिटरची निळी कॅनच दिसते, आता मी काय करू.

नाचणगावच्या आमच्या विहारातल्या बायांची सहल होती. कोणी नवऱ्याले घेऊन आली, कोणी सासूले. मी दोघायलेही घेऊन, अन् कडेवर दीड वर्षाची पोट्टी. मी तं जातच नाई म्हणत होती. मागच्या वर्षी समुद्रपूरले एका लग्नाले गेलतो, तिथं पोट्टीनं थंडगार पाणी पेलं अन् दुसऱ्या दिवशी तिले असे जुलाब सुटले का वर्ध्याले दवाखान्यात भरती करा लागलं. हाताची शीर सापडेना म्हणून डोक्याले सुई लावली. सलाईन सरेपर्यंत मी तिचं डोकं धरून बसली होती. तेव्हापासून बाहेरच्या पाण्याचं मले भेव बसलं ते बसलंच. मी नववी नापास आहे, मले त्यातलं काही समजत नाई, पण ते सुई मी पाह्यली आहे.

म्हणून घरचं पाणी उकळलं, गाळलं, थंड केलं अन् कॅन भरली. आमचे हे म्हणे, "अवं, बाटलीतलं पाणी जागोजागी भेटते."

"लग्नातलंही जारचंच होतं जी. त्याच्यावर लिहून होतं का, हे पेलं का सुई लागते म्हणून?"

हे बॅगा बांधाले लागले. पण गाडीत चढताना कॅन मलेच उचला लागली, एका कडेवर पोट्टी, एका हातात कॅन, अन् मागून बाया हासून राह्यल्या का हिनं तं आख्खी विहीरच उपसून आणली वो. हासल्या त्याच, अन् गाडी सुटल्यावर एकेक जण माह्याकडंच, "टोपणभर दे वो, गोळी घ्याची आहे." नाई कसं म्हणू? दिलं. अन् झाकण घट्ट लावून कॅन पायाखाली दाबून बसली.

दोन दिवस पोट्टी त्याच पाण्यावर ठणठणीत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी समुद्रावर गेलो. एवढं पाणी मी जल्मात पाह्यलं नव्हतं. बाजूले डोंगर सरळ पाण्यात उतरलेला, जुनं दीपगृह, होड्या, अन् सगळ्या बाया लुगडे वर धरून पाण्यात. मी लांबच, पोट्टीले घट्ट धरून. लाट आली का मी आणखी दोन पावलं मागं. तेवढ्यात सासूबाई आल्या, कॅन उचलली अन् म्हणे, "हे मी सांभाळतो, तू पोरीले पाह्य." मले वाटलं, चला, कोणी तं हातभार लावला. इथंच चुकली मी.

तिथून स्तुपाच्या डोंगरावर गेलो. वरून समुद्र पायाशी दिसे, अन् विटायचे गोल गोल ओटे दूरपर्यंत. ऊन असं का डोकं फिरून जाईन. पोट्टी रडाले लागली, "पानी, पानी." मी टोपणभर ओतलं अन् तिच्या तोंडाले लावलं. तिनं एक घोट घेतला अन् तोंड वाकडं करून भळकन माह्या अंगावर थुंकला. मग असं रडणं सुरू केलं का थांबेचना. मी जिभेले लावून पाह्यलं तं खारट.

"आई, हे काय आहे?"

"समुद्राचं पानी." सासूबाई सावलीत बसल्या होत्या, अशा आरामात बोलल्या का जसं चहात साखर घातली.

"अन् घरचं?"

"थोडंसं तं राह्यलं होतं. वाळूत वतलं."

"काऊन?"

"शेजारच्या बुढीसाठी. खाटीवर पडली आहे, तिनं समुद्र पाह्यला नाई कधी. मी नेतो म्हटलं होतं."

"पाणी नेल्यानं समुद्र दिसते का?"

"चाखून तं कळते."

मले रडावं का ओरडावं समजेना. हे तिकडं मोबाईलवर विटायचे फोटो काढून राह्यले होते. जवळ येऊन म्हणे, "दोन हजार वर्षांआधी भिक्षू राहत होते इथं, अन् तुम्ही पाण्यावरून भांडून राह्यल्या."

मी म्हटलं, "अजी, मंग ते पाणी कुठलं पेत होते तेवढं सांगा."

ह्यायनं खरंच दाखवलं. खडकात कोरलेलं टाकं, त्यात हिरवंगार शेवाळ. मी पोट्टीले उचललं अन् सुटली पायऱ्यायनं खाली. तिचे होठ सुकून गेलते अन् मले रस्ताभर तेच सुई दिसून राह्यली होती.

गेटपाशी एक बाई शहाळे विकत होती. ना तिची भाषा मले येई, ना माही तिले. मी तिच्या कोयत्याकडं बोट दाखवलं अन् हातानं धुतल्यासारखं केलं. तिनं माह्याकडं पाह्यलं, पोट्टीकडं पाह्यलं, कोयता धुतला अन् वरून पुसलाही. शहाळं पोट्टीच्या तोंडाशी तिनंच धरलं. पोट्टी गटागटा पेली, मधात श्वास घेतला अन् पुन्हा पेली. बाई तिची हनुवटी पुसून काहीतरी बोलली. काय बोलली कोणाले माहीत.

परतीच्या गाडीत तिले शहाळ्याचंच पाणी पाजलं, तरी मी घडीघडी तिचं पोट दाबून पाहत होती. पोट्टी सासूबाईच्या मांडीवर बसून चिवडा खाऊन राह्यली होती. तिले काहीच झालं नाई. झालं मले. बल्लारशापासून मी तीनदा संडासात गेली, पाणी मी स्टेशनावरचं पेत होती ना, घरचं तं पोट्टीसाठी होतं. सासूबाई म्हणे, "पाह्य, म्हणून सांगतो, पोरीले एवढी नाजूक करू नको." मी भिंतीकडं तोंड करून पडून राह्यली.

घरी आल्यावर सासूबाई आंघोळही न करता कॅन घेऊन शेजारी गेल्या, मागून मी. बुढीनं टोपणात बोट बुडवलं, जिभेले लावलं, डोळे मिटले. मग म्हणे, "एवढं पानी, अन् पेता येत नाई? मंग तिथले लोक पेतात काय?"

सासूबाईनं माह्याकडं पाह्यलं. मी म्हटलं, "शहाळं."

ते कॅन अजून बुढीच्या खाटीखालीच आहे, येईल त्याले बुढी बोट बुडवाले लावते. मी परत मागितली तं सासूबाई म्हणे, राहू दे वो, तिचा समुद्र आहे तो. पुढच्या महिन्यात हिंगणीले बारशाले जाचं आहे. मी नवीन कॅन आणली आहे, अन् सासूबाईले साफ सांगितलं का हिले हात लावाचा नाई, उचलाले मदत करासाठीही नाई.